धातूच्या स्विच-पेटीचे अर्थिंग

धातूच्या स्विच-पेटीचे अर्थिंग (भूसंपर्कन) म्हणजे भिंतीत बसवलेली पत्र्याची पेटी, तिच्यातील सॉकेट आणि धातूचे उघडे भाग असलेले स्विच यांना अर्थ तारेने इमारतीच्या अर्थ व्यवस्थेशी जोडणे. जुन्या लाकडी बोर्डाच्या बाबतीत पेटीचा प्रश्न उद्भवत नव्हता; कन्सील्ड वायरिंगबरोबर पत्र्याची पेटी आली आणि तो महत्त्वाचा ठरला. फेज तारेचे आवरण सोलवटून ती पेटीला टेकली, तर पेटीवर आणि प्लेटच्या स्क्रूंवर 230 व्होल्टचा दाब येतो. दिवे-पंखे मात्र पूर्ववत चालत असल्याने हा दोष लक्षात येत नाही.

कार्य

अर्थ तार वीज जमिनीत सोडते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात, दोष उद्भवताच एमसीबी तत्काळ पडेल इतका मोठा प्रवाह वाहू देणे हे तिचे मुख्य काम आहे. दोषमार्गाचा एकूण रोध 1 ओम असल्यास 230 अँपिअर प्रवाह वाहतो व 16 अँपिअरचा एमसीबी क्षणार्धात पडतो. हाच मार्ग मातीतून जाऊन रोध 23 ओम झाला, तर प्रवाह अवघा 10 अँपिअर होतो. एमसीबी पडत नाही आणि पेटीवर धोकादायक दाब टिकून राहतो. अशा ठिकाणी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक ठरतो.

जोडणी

भारतात अर्थ तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. आलेली व पुढे जाणारी अर्थ तार पेटीत एकत्र जोडून त्या सांध्यातून दोन आखूड तुकडे काढतात. एक पेटीच्या अर्थ स्क्रूला, दुसरा सॉकेटच्या अर्थ टर्मिनलला. त्यामुळे सॉकेट बदलताना पुढील पेट्यांचे अर्थिंग तुटत नाही.

अमेरिकेत सॉकेटला धातूची पट्टी असते आणि पट्टी व पेटी यांचा थेट संपर्क तेथील नॅशनल इलेक्ट्रिकल कोडनुसार काही अटींवर ग्राह्य धरला जातो. भारतीय मॉड्युलर प्लेटची चौकट बहुधा प्लास्टिकची असते. तिचे स्क्रू कितीही आवळले तरी सॉकेटचे अर्थ टर्मिनल पेटीशी जोडले जात नाही. म्हणून पेटीकडे जाणारा स्वतंत्र तुकडा अनिवार्य आहे. त्याच्यावाचून काहीच अडत नसल्याने तो सहज राहून जातो.

अर्थ तार उपलब्ध नसल्यास सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ टर्मिनल जोडणे ही अत्यंत घातक पद्धत आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर चालू उपकरणातून फेजचा दाब थेट पेटीवर आणि उपकरणाच्या धातूच्या आवरणावर येतो.

तपासणी

फेज व पेटी यांच्यामध्ये मल्टीमीटरवर 230 व्होल्ट दिसणे हा अर्थिंग सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे. मल्टीमीटर अत्यल्प प्रवाह घेत असल्याने सैल वा गंजलेल्या सांध्यावरही पूर्ण दाब दाखवतो. मुख्य पुरवठा बंद करून पेटीपासून वितरण फलकाच्या अर्थ पट्टीपर्यंतचा रोध मोजणे, आणि पुरवठा चालू असताना विशेष उपकरणाने संपूर्ण दोषमार्गाचा रोध मोजणे, या अधिक विश्वसनीय पद्धती होत.