पाठ, वासना आणि ध्वनी : जुन्या हेवी मेटलच्या पुनःसंस्करणांविषयी

पाठचिकित्सा या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांसमोर पोथी येते, नकलकार येतो, नकलकाराच्या हातून सुटलेली ओळ येते. ध्वनिमुद्रित संगीत येत नाही. वास्तविक ध्वनिमुद्रणालाही आता इतकी आवर्तने लाभली आहेत, आणि त्यांतील पाठभेदांवर इतक्या हिरिरीने वाद होत आले आहेत, की हस्तलिखितांच्या संपादकाला त्यात आपलाच व्यवसाय ओळखू यावा. प्रस्तुत लेखात १९७० ते १९९० या काळातील हेवी मेटलच्या सीडीवरील पुनःसंस्करणांचा, म्हणजे ज्याला रीमास्टरिंग म्हणतात त्याचा, संहितेचा प्रश्न म्हणून विचार केला आहे. हा विचार वऱ्हाडातून करण्यास एक कारण आहे. मराठी गद्यातील पाठभेदाची सर्वांत गुंतागुंतीची कथा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सुरू होते.

म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा ज्या-त्या साक्षीदारांकडून मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ती मूळ प्रत पुढे मुसलमानी फौजांच्या धाडीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. मूळ नाही, आहेत ते पाठ. हिराइसेचा पाठ आहे, पिढीपाठ आहे, आणखी इतरांचेही आहेत. लक्षणीय बाब अशी की महानुभाव नकलकारांनी हे भेद मिटवून टाकले नाहीत. एका लीळेचे दुसरे कथन मिळाले की ते 'वासना' म्हणून त्याच पानावर नोंदवले. ह. ना. नेने यांच्यापासून वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीपर्यंत आधुनिक संपादकांना ज्या सामग्रीवर काम करता आले, ती या नोंदींच्या प्रामाणिकपणामुळे शिल्लक राहिली होती.

आता ध्वनीकडे वळू. रॉक संगीताच्या अल्बममध्ये 'मूळ' म्हणजे काय? प्रथम वाद्ये व कंठ वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होतात. त्यांचे मिश्रण करून दोन पट्ट्यांची मास्टर टेप बनते. तिच्यावर शेवटचा संस्कार होऊन तबकडी कापली जाते. या तिसऱ्या पायरीला मास्टरिंग म्हणतात. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंडमध्ये जवळजवळ एका दिवसात मुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. प्लास्टिकची टोपणे बोटांना लावून तो हलक्या तारा वाजवी, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पर्यंत त्याने गिटार दीड स्वर खाली उतरवली होती. या संगीताच्या 'जडत्वा'चा एक उगम असा शारीरिक आहे. परंतु खालचे स्वर तबकडीची खाच रुंद करतात. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे बसवायची तर खर्ज कमी करावा लागतो. म्हणजे श्रोत्याला १९७१ मध्ये मिळालेले जडत्व हे आधीच तबकडीने संपादित केलेले जडत्व होते.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचे मानक ठरवले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर. खाचेची अडचण उरली नाही. तरीही पहिल्या फेरीतील कित्येक सीडी तबकडीसाठी खर्ज छाटून ठेवलेल्या दुय्यम टेपांवरूनच काढल्या गेल्या. पुढे १९९० च्या दशकात कंपन्या मूळ टेपांपर्यंत गेल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास आवाजाची शिखरे छाटून सरासरी पातळी उंचावणारी अंकीय साधने हाती आली. त्यामुळे असे विपरीत घडले की आधारभूत प्रत मुळाच्या जवळची, पण पाठ मात्र दूरचा. ढोलावरचा घाव आणि त्याच्या आधीची शांतता यांतील अंतर मिटले. सगळेच मोठे झाल्यावर मोठे काहीच उरत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. २००८ साली मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'च्या वेळी ती उघड भांडणाला पोहोचली. अल्बमपेक्षा त्याच गाण्यांचा एका व्हिडिओ-खेळासाठी दिलेला पाठ अधिक मोकळा आहे, हे श्रोत्यांनीच दाखवून दिले. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी आपल्याकडे मिश्रणेच दाबून आली होती असे म्हटले. खेळण्यातला पाठ प्रमाण आणि अधिकृत आवृत्ती भ्रष्ट, अशी परिस्थिती एखाद्या पोथीच्या बाबतीत उद्भवली असती तर आपण तिच्यावर परिसंवाद घेतला असता!

डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास मांडलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. संहितेतील शब्द हे तिचे सत्त्व. लेखनपद्धती, विरामचिन्हे हे तिचे आगंतुक अंग. या भेदाच्या आधारे रीमास्टरिंग म्हणजे केवळ शुद्धलेखन बदलणे, असे कंपन्या सुचवत असतात : गाणे तेच, फक्त स्वच्छ. शास्त्रीय गायनाच्या जुन्या तबकडीबाबत हे काही अंशी खरेही म्हणता येईल. तीन मिनिटांच्या तबकडीतील खरखर काढली तरी बंदिश, स्वरस्थाने आणि तान यांना धक्का लागत नाही. हेवी मेटलमध्ये हा भेद टिकत नाही. तेथे रचना सहसा साधी असते. गिटारचा कापीव, जळका पोत, खर्जाचे वजन, ढोलाचा छातीवर येणारा धक्का हेच म्हणणे असते. ज्याला ग्रेग आगंतुक म्हणतील ते येथे सत्त्व आहे. म्हणून या संगीताचे प्रत्येक पुनःसंस्करण ही नवी पाठपरंपरा मानली पाहिजे, आणि तिच्या संपादकाने संपादकाची जबाबदारी स्वीकारली पाहिजे.

ती कशी टाळली जाते याचे टोकाचे उदाहरण ऑझी ऑझबर्नच्या पहिल्या दोन अल्बमचे आहे. १९८० चा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि १९८१ चा 'डायरी ऑफ अ मॅडमन' यांत बास बॉब डेझली याने आणि ड्रम ली कर्स्लेक याने वाजवले होते. दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावर मात्र श्रेय रूडी सार्झो आणि टॉमी आल्ड्रिज यांना दिले गेले. म्हणजे पहिली आवृत्तीच कर्तृत्वाबाबत खोटी. मानधन व श्रेय यांवरून पुढे न्यायालयीन वाद झाला. २००२ साली हे अल्बम पुन्हा निघाले तेव्हा दोघांचे वादन पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहिओ आणि माइक बॉर्डिन यांचे नवे वादन बसवलेले होते. वेष्टनावर तशी ठळक सूचना सुरुवातीस नव्हती. ओरड झाल्यावर चिकटपट्टी लावण्यात आली. १९८२ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावलेला रँडी ऱ्होड्स आता अशा सोबत्यांबरोबर वाजवताना ऐकू येतो, ज्यांच्याबरोबर तो त्या खोलीत कधीच नव्हता. २०११ मध्ये मूळ वादन परत आणले गेले.

रिद्धपूरच्या परंपरेशी याची तुलना करताना एक फरक काटेकोरपणे पाहावा लागेल. तेथे प्रत हरवली म्हणून स्मरणातून पाठ घडला. येथे टेप हाताशी असताना पाठ मोडला गेला. स्मरणाने गाळलेला शब्द आणि मालकाने गाळलेला साक्षीदार यांना पाठभेद या एकाच नावाखाली ठेवणे मला मान्य नाही. या दोहोंच्या मधली जागा मेगाडेथच्या २००४ च्या आवृत्त्यांची आहे. डेव्ह मस्टेन याने स्वतःच जुने अल्बम पुन्हा मिश्रित केले आणि 'रस्ट इन पीस' (१९९०) मधील काही गायन मूळ पट्ट्या न सापडल्याने नव्याने गायले, पण ते सांगून. ती कवीने उतारवयात केलेली सुधारित आवृत्ती आहे. आवडो वा न आवडो, वासना म्हणून तिची नोंद आहे. उलट मेटॅलिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) मध्ये जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि २०१८ च्या पुनःसंस्करणातही तो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी स्वतः बास वाढवून पाठ तयार केले, ते हौशी राहिले. न ऐकू येणारा बास हा दोष असेल, पण तो त्या संहितेचा दोष आहे. संपादकाने तो दुरुस्त न करता जपला हे मला योग्य वाटते.

उच्चभ्रू श्रोत्यांची मूळ टेपवरील श्रद्धाही तपासून पाहण्यासारखी आहे. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या तबकड्या थेट मूळ टेपवरून कापल्या जातात, असे ग्राहक वर्षानुवर्षे मानत होते. मधे अंकीय टप्पा असल्याचे २०२२ साली उघड झाले. त्याआधी तोच टप्पा कानाला जाणवल्याचे फारसे कोणी म्हटले नव्हते. श्रद्धेचा विषय ध्वनी नव्हता, वंशावळ होती.

वंशावळीच्या या दृष्टीने अमरावती-अकोल्याचा श्रोता सर्वांत खालच्या पायरीवर बसतो. १९८० आणि १९९० च्या दशकांत हे संगीत येथे आले ते प्रामुख्याने कॅसेटवरून, आणि अनेकदा कॅसेटच्या कॅसेटवरून. मुंबई-पुण्याला शिकायला गेलेल्या कोणाच्या तरी पिशवीतून प्रत यायची, तिची नक्कल व्हायची, नकलेची नक्कल व्हायची. प्रत्येक पिढीत टेपची सरसर वाढे, वरचे स्वर झिजत, यंत्राचा पट्टा सैल असेल तर स्वर खाली उतरे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. अल्बम लांब असेल तर शेवटचे गाणे मध्येच तुटे, पोथीचे शेवटचे पान गेल्यासारखे. ध्वनितज्ज्ञ याला पिढीगणिक होणारी हानी म्हणतात. महानुभावांचा 'पिढीपाठ' हा शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहावा : तेथे पिढी ही हानीची नव्हे, संक्रमणाची खूण आहे. झिजलेल्या, जाड झालेल्या त्या ध्वनीतच येथील श्रोत्याला या संगीताचे जडत्व प्रथम कळले. त्याच्यासाठी तो भ्रष्ट पाठ नव्हे, आद्य पाठ होता. पुढे चकचकीत सीडी हाती आल्यावर ती त्याला पातळ वाटली, तर तो कानाचा अडाणीपणा मानण्याचे कारण नाही.

त्या कॅसेटच्या आतील कागदावर गाण्यांची नावे हाताने, चुकतमाकत लिहिलेली असत. वादकांची नावे सहसा नसत. डेझली आणि कर्स्लेक हे कोण, हे १९९० मध्ये ती ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. पण त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या, सरसरणाऱ्या प्रतीत वाजत ते दोघेच होते.