औषध चढलं

आमच्या नेवासा तालुक्यात 'औषध' म्हटलं की पहिल्यांदा फवारणीचं औषध डोळ्यांपुढे येतं. कपाशीला मारतात ते औषध आणि तापाला घेतात तेही औषध. 'त्यानं औषध घेतलं' या वाक्याचा अर्थ मात्र सांगावा लागत नाही; ऐकणारा लगेच आवाज खाली आणतो.

म्हणून २०११ साली नानांना, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांना, नगरला दवाखान्यात नेलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "औषध कधी घेतलं?" वडील सांगत राहिले, "घेतलं नाही साहेब, फवारत होते. पंप गळत होता, पाठ भिजली." कागदावर पोलीस केस म्हणूनच नोंद झाली. गावात काही जणांना अजूनही खरं वाटत नाही.

नानांच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, छातीत घुरघुर होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. इंजेक्शनं सुरू झाली. रात्री घाम थांबला, छाती मोकळी झाली. पण चेहरा लाल झाला, तोंड कोरडं पडलं, आणि नाना हवेतून काहीतरी वेचायला लागले. मेलेल्या आजीशी बोलायला लागले. काकू रडू लागली, विष डोक्यात गेलं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "विष नाही मावशी, औषध चढलंय." त्या औषधाचं नाव अ‍ॅट्रोपीन.

पुढे कधीतरी मी त्याची माहिती काढली आणि थेट टोक्याला पोचलो. आमच्याच तालुक्यात, प्रवरा आणि गोदावरीच्या संगमावर, टोक्याचं सिद्धेश्वराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला महादेवाला धोतरा वाहतात. धोतऱ्यात हायोसायमीन असतं आणि अ‍ॅट्रोपीन हे त्याचंच रूप. त्या रात्री नानांची झालेली अवस्था म्हणजे धोतरा खाल्लेल्या माणसाची अवस्था.

ती अवस्था साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात लिहून ठेवलेली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातला एक संवाद धोतऱ्यावर आहे. नोकरमाणसं मालकिणीच्या जेवणात धोतरा घालतात आणि दागिने घेऊन पसार होतात. धोतरा खाल्लेला माणूस नुसता हसत राहतो आणि समोरून कोणी काही नेलं तरी अडवत नाही, असं ओर्ता सांगतो. असं का होतं, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

ते कळायला विसावं शतक यावं लागलं. ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, तसे त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं. हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नस आपला निरोप रसायनातून देते, हे त्यातून दिसलं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. लाळ, घाम, आतड्यांची हालचाल, बाहुली आकसणं, ठोके मंदावणं ही सगळी कामं त्याच्या निरोपानं होतात; यातली बहुतेक परानुकंपी चेतासंस्थेची. निरोप पोचला की एक एन्झाइम त्याला लगेच मोडून टाकतं. अ‍ॅट्रोपीन निरोप घेणाऱ्या जागाच अडवून बसतं, म्हणून तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते.

लोवी आणि हेन्री डेल यांना या कामासाठी १९३६ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञानं किडे मारायचं औषध शोधताना टाबुन बनवलं. थोड्याच दिवसांत टेबलावर त्याचा थेंब सांडला. श्राडर आणि त्याच्या सहकाऱ्याच्या बाहुल्या आकसल्या, श्वास लागला. सावरायला काही आठवडे गेले. हे रसायन निरोप मोडणाऱ्या एन्झाइमलाच निकामी करतं, त्यामुळे निरोप साचत जातात. टाबुन युद्धासाठी राखलं गेलं. त्याच कुळातलं पॅराथिऑन शेतात आलं. ऑर्गॅनोफॉस्फेट हे या कुळाचं नाव. नानांच्या पंपात होतं ते याच कुळातलं.

म्हणजे धोतऱ्याचं विष या विषाच्या बरोब्बर उलट चालतं, म्हणून ते उतारा ठरतं. पण उतारा अर्धाच. अ‍ॅट्रोपीन मूळ विष काढत नाही, फक्त त्याचा निरोप अडवतं. श्वासाच्या स्नायूंना आलेला लुळेपणा त्यानं जात नाही. डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात, छाती कोरडी होऊन ठोके वाढेपर्यंत. जास्त झालं तर धोतरा चढतो, कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. नाना या दोन काठांच्या मध्ये रात्रभर होते.

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेल्या गव्हाच्या पिठानं शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. तरी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांनी औषध घेतलं नव्हतं, मारलं होतं. फवारलेल्यांत काही औषधं अशीही होती ज्यांच्यावर अ‍ॅट्रोपीन चालत नाही.

उताऱ्याचा इतिहास मी कितीही वाचला, तरी नानांना त्या दिवशी आधी लागणार होता तो न गळणारा पंप, आणि पाठ भिजल्याबरोबर शर्ट काढून साबणानं अंग धुवायला सांगणारं कुणीतरी. विष कातडीतून जातं हे तेव्हा आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं. नाना वाचले. आता फवारणीला ते गडी लावतात, आणि बांधावर पाण्याची बादली आणि साबण ठेवतात. गडी हसतात. नाना त्यांना हसू देतात, पण पाठ ओली दिसली की पंप उतरवायला लावतात.