रेवसच्या वाटेवर

मंडळी, मुलांना घेऊन एका दिवसाची सहल काढायची, तर मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरावे, अलिबाग गाठावे आणि ओहोटी साधून पायीच कुलाबा किल्ल्यात जावे. १६८० साली शिवाजीमहाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. हे सारे मुलांना सांगालच. पण बोटीत बसल्यावर आणखी एक हकीकत सांगा.

१७ जुलै १९४७. भर पावसाळा. गच्च भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ लाटांनी घेरले, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. बिनतारी यंत्र नव्हते. कित्येक तास मुंबईला पत्ताच नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी मिळतील तितके जीव होड्यांत घेतले. तरी सहाशेंहून अधिक माणसे गेली.

समुद्र तोच आहे, गुरुजी. शिस्त आपली हवी. हवामान बघा, जागा सोडून पळू नका, आणि तिकिटे मोजण्याआधी जॅकिटे मोजा.