औषध-दुष्परिणाम नोंदणी (भारत)

बाजारात येण्यापूर्वी औषधाची चाचणी साधारणतः काही हजार लोकांवर होते. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तिथे बहुधा निसटतो. तो उघडकीस येतो औषध घरोघरी पोचल्यावर, तेही कोणी कळवले तरच. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळे जन्मतः व्यंग घेऊन आल्यावर ब्रिटनने १९६४ मध्ये ‘यलो कार्ड’ ही दुष्परिणाम कळवण्याची योजना सुरू केली ती यासाठीच.

भारतात हे काम २०१० पासून ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ करतो. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र.

डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट यांच्याप्रमाणे रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. गोळी कोणती, कधी सुरू केली, त्रास कोणता व केव्हापासून, एवढे सांगता आले की झाले. नोंदणीच्या अर्जात रुग्णाच्या नावाऐवजी आद्याक्षरे चालतात. दोष औषधाचाच हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते, नुसता संशय पुरतो. तरीही अनेक डॉक्टर ‘उगाच लचांड नको’ म्हणून गप्प बसतात. ही भीती अनाठायी आहे, कारण नोंद म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असे अर्जावरच छापलेले असते.

मासिक पाळीतल्या पोटदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडचे उदाहरण बोलके आहे. अशाच नोंदींच्या छाननीनंतर आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला: या औषधाने ‘ड्रेस सिंड्रोम’ होऊ शकतो. पुरळ, ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी ही त्याची लक्षणे. ती औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनीही दिसतात.