पंगत आणि टेबल

चार मित्रांनी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात जाऊन बसावे, काहीबाही मागवावे, चहा घ्यावा आणि उठताना पैसे कोणी द्यायचे यावरून लटका वाद घालावा, ही गोष्ट इतकी सामान्य झाली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र मैत्री आणि पंगत या दोन निराळ्या गोष्टी होत्या. मैत्री शाळेत, कचेरीत, वाचनालयात जुळे. पंगत जन्माने ठरे. एका बाकावर बसून एकच पुस्तक वाचणारे दोघे जेवणाच्या वेळी आपापल्या घराकडे वळत, आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नसे.

ज्यांना वाटले त्यांनी ते प्रथम लपून केले. मुंबईत 1849 साली स्थापन झालेल्या, दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान जिच्याशी निगडित होते त्या परमहंस सभेच्या बैठका गुप्तपणे भरत. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा तेथे नुसत्या शब्दांनी होत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांनी मिळून खाणे हा तिचा भाग होता. 1860 साली सभेचे कागदपत्र चोरीला गेले, सभासदांची नावे उघडी पडली आणि सभा मोडली. मतांसाठी नव्हे, तर नावांच्या यादीसाठी ती मोडली हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तीस वर्षांनी पुण्यात तोच प्रकार उघड्यावर घडला. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचारापुरता पेला हाती धरून खाली ठेवला. हा बेत जुळवून आणण्यात गोपाळराव जोशी यांचा हात होता. डॉक्टर आनंदीबाईंचे पती म्हणून ते परिचित आहेतच, आणि त्यांच्या स्वभावातील विक्षिप्तपणाही. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणविली. पुढे ग्रामण्य झाले, शंकराचार्यांनी चौकशीसाठी माणसे नेमली आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न दीड-दोन वर्षे चिघळत राहिला. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग वेदनेने नोंदविला आहे. बहिष्काराने गांजलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून आपण नमते घेतले, अशी रानड्यांची भूमिका होती. मित्रांसोबत घेतलेल्या चहाची किंमत शेवटी मित्रांसाठीच चुकवावी लागली. सुधारणेच्या इतिहासात व्याख्यानांना जितकी पाने मिळाली तितकी त्या चहाला मिळाली नाहीत.

याच सुमारास मुंबईत एक वेगळे दार उघडत होते आणि ते उघडणाऱ्यांना सुधारणेशी काही कर्तव्य नव्हते. इराणमधील यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. धोबीतलावाजवळची कयानी आणि कंपनी 1904 ची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 ची. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठाले आरसे, बरण्यांत खारी आणि नानकटाई, गल्ल्यावर बसलेला मालक. आणि मस्का लावलेला ब्रून चहात बुडवून खाणारे गिऱ्हाईक. भिंतीवरच्या पाटीवर सूचनांची जंत्री असे. उधारी नको, केस विंचरू नका, विनाकारण बसू नका. धोबीतलावच्या बस्तानी या आता बंद पडलेल्या हॉटेलातील अशाच पाटीवरून निस्सीम इझिकेल यांना एक इंग्रजी कविता सुचली. इतक्या मनाईंच्या गर्दीत जातीविषयी मात्र एक शब्दही नसे. इराण्याला गिऱ्हाइकाचे नाव नको होते, पैसे हवे होते. त्याच्याकडे यादी नव्हती.

या बेपर्वाईचे मोल गिरणगावाकडे पाहिले म्हणजे कळते. तेथील खाणावळीही बहुधा जातीच्या नि गावाच्या धाग्यानेच बांधलेल्या असत. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत; कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागायचा. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला होता. ज्या शहरात दिवसा धोट्याला विटाळ होत होता, त्याच शहरात संध्याकाळी नाक्यावरच्या इराण्याची कपबशी या ओठांवरून त्या ओठांवर बिनबोभाट जात होती. पोऱ्या ती विसळून पुन्हा भरी. कोणी कोणाला विचारले नाही, एवढ्यावरच हे चालले होते.

कोल्हापुरात घडले ते याच्या नेमके उलट. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी मराठा नोकरांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मार बसला. शाहू महाराजांना हे कळल्यावर त्यांनी अपराध्यांना शासन केले आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्यास सांगून त्यासाठी पैसेही दिले. 1920 च्या आगेमागे भाऊसिंगजी रोडवर त्यांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. महाराने केलेला चहा भर रस्त्यावर प्यायला कोण येणार? प्रथम कोणी आले नाही. मग महाराजांची गाडी तेथे थांबू लागली. ते स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यायला लावीत. इराण्याकडे बनविणारा आणि पिणारा दोघेही अनोळखी. येथे बनविणारा कोण हे सर्वांना ठाऊक असणे हाच त्या चहाचा अर्थ होता. राजाच्या हातातील कप हा एक प्रकारचा हुकूमच, हे खरे. ज्यांनी तो चहा गिळला त्यांच्यापैकी कितीजणांना तो गोड लागला असेल, ही शंका रास्तच आहे. तरीही 1922 मध्ये महाराज निवर्तल्यावर त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात याच गंगारामांचा पुढाकार होता. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यात काही निराळे नाते जडले होते, असे यावरून म्हणता येईल.

पुढे 1933 साली रत्नागिरीत सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढले. तेथेही कोणी कोणाच्या हातचे खायचे ते दाराच्या पाटीवरच जाहीर होते. पाटी उलटही बोलू शकते. तमिळ प्रदेशातील अनेक कॉफी हॉटेलांत ब्राह्मणांच्या बसण्याची जागा निराळी असे. ती प्रथा हटू लागल्यावरही नावातील ‘ब्राह्मण’ हा शब्द सोवळ्या स्वयंपाकाची ग्वाही म्हणून मिरवीत राहिला. 1957 मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात पेरियार रामस्वामींच्या अनुयायांनी अशाच एका पाटीविरुद्ध आंदोलन केले.

तोवर राज्यघटना अमलात येऊन सात वर्षे झाली होती. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या भारदस्त प्रकरणात चहाचे दुकान यावे, याचे नवल परदेशी वाचकाला वाटेल. पंचहौद आणि भाऊसिंगजी रोड ठाऊक असलेल्याला वाटणार नाही. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने आणखी खाली उतरून उपाहारगृहातील भांड्यांचाही समावेश केला. पुढे 1976 मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले.

खेड्यातील हॉटेलवाल्याला मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, घर आणि आजा ठाऊक असतो. यादी त्याच्या डोक्यातच असते. आत बाकड्यावर बसणाऱ्यांची कपबशी निराळी, आणि कान तुटलेली, ज्याची त्यानेच धुऊन ठेवायची ती निराळी. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (1984) या आत्मकथनात या वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. त्यांच्यासाठी कप वेगळा ठेवतात ही गोष्ट गावात इतकी अंगवळणी पडलेली की तिच्यावर तक्रार करता येते हेच कोणाच्या ध्यानी नाही. शाळेत जाणाऱ्या दोन मुलांच्या ते ध्यानी येते. ती अर्ज लिहितात, आणि दोघे मित्र एका कपासाठी पोलीस ठाण्याची वाट धरतात.