राखोलीचा नदीकाठ आणि ऐतिहासिक प्रेमकथेचे बीज

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी १८७१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आमची ऐतिहासिक प्रेमकथा प्रायः गडकोट आणि राजवाडे यांच्याच आश्रयाने वाढली. परंतु ज्या गावी बुरूज नाही, तेथील कथालेखकाने स्फूर्तीसाठी कोणाकडे पाहावे, असा प्रश्न सहजच उद्भवतो. दादरा व नगर हवेलीतील राखोली हे गाव त्याचे उत्तर देऊ शकेल.

सिल्वासाहून खानवेलकडे जाणारा रस्ता राखोलीपाशी दमणगंगा ओलांडतो. येथील मुख्य ऐतिहासिक खूण म्हणजे ही नदीच होय. १७७२ साली मराठी आरमाराकडून 'संताना' या पोर्तुगीज जहाजाची हानी झाली. तिची भरपाई म्हणून १७ डिसेंबर १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली, आणि १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. हे देणे सरंजामाचे की सार्वभौमत्वाचे, हा वाद पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात उपस्थित झाला. मराठ्यांनी केवळ महसुलाचा अधिकार दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष त्या न्यायालयाने १९६० साली काढला.

कथेचे बीज नेमके येथेच आहे. कागदावर महसूल गेला. प्रत्यक्षात त्या महसुलामागची माणसेही गेली, आणि त्यांना कोणी विचारले नाही. समजा, त्या वर्षी नदीकाठच्या एका तरुणाची सोयरीक हद्दीबाहेरील गावात ठरली होती. समुद्रावरील एका जहाजाच्या नुकसानीने त्या दोघांमध्ये परराज्याची सीमा उभी केली. हे जोडपे सर्वस्वी काल्पनिक. पण त्यांना विलग करणारे कारण अस्सल आहे. ऐतिहासिक कथेला एवढा आधार पुरेसा होतो.

तपशिलासाठीही दूर जावयास नको. वारली समाजात लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाणी गाऊन विवाह लावते. दप्तरांत ज्यांचे नाव उमटले नाही, त्यांचे जीवन अशा आचारांतून कळते. मात्र लेखकाने पथ्य पाळावे: कल्पिलेला प्रसंग गावाची दंतकथा म्हणून सांगू नये आणि ज्ञात सालांची ओढाताण करू नये.

कालांतराने ती सीमाही पुसली गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून विख्यात झालेले बाबासाहेब पुरंदरे हेही होते. ज्याने इतिहास लिहिला, त्याने येथे तो घडविण्यासही हात लावला, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

आज मधुबन धरणाच्या जलाशयाखाली वरच्या अंगाची पुष्कळ भूमी गेली आहे, आणि राखोलीच्या परिसरात कारखाने उभे राहिले आहेत. जुन्या खुणा दृष्टीआड होत असता वृद्धांच्या मुखातील वाटांची, पाणवठ्यांची आणि शिवारांची नावे टिपून ठेवणे अगत्याचे आहे. सुज्ञ वाचकांपैकी ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्यांनी हे काम विनाविलंब आरंभावे. कथा मागाहून लिहिता येईल. नावे सांगणारी माणसे मात्र पुन्हा भेटणार नाहीत.