गारा : टाका कँटनचा, फर्माईश मुंबईची

चीनच्या दरबारात क्रौंच पक्षी वाटेल त्याच्या अंगावर बसत नसे. छिंग राजवटीत मुलकी अधिकाऱ्याचा दर्जा त्याच्या छातीवरच्या भरतकामाच्या चौकोनावरून ओळखत आणि क्रौंच असे तो पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा. तोच क्रौंच एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशीणबाईंच्या जांभळ्या साडीवर बिनदिक्कत उडू लागला. ती साडी म्हणजे गारा.

पश्चिमेकडच्या जहाजांना 1757 ते 1842 या काळात चीनमध्ये कँटन हेच बंदर खुलं होतं. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई 1799 मध्ये पहिल्यांदा चीनला गेले; अशा पाच सफरी त्यांनी केल्या. मुंबई सोडली की जहाज रत्नागिरीचा किनारा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे उतरे. जाताना पोटात कापूस आणि माळव्याची अफू, येताना चहा नि रेशीम. जे. जे. रुग्णालयामागे अफूचा पैसा आहे हे आपण निदान बोलतो. गाऱ्याचं कौतुक करताना मात्र ती अफू सोयीस्करपणे विसरली जाते.

कँटनच्या कारखान्यांत भरतकाम करणारे बरेचसे पुरुष होते आणि ते गिऱ्हाईक पाहून काम करत. स्पेनच्या बायकांसाठी त्यांनी झालरीच्या शाली भरल्या. त्या मनिलामार्गे गेल्या म्हणून मनिलाच्याच ठरल्या. पारशांनी मागितली साडी : गडद लाल, जांभळी किंवा काळी जमीन, वर पांढऱ्या-मोतिया रेशमाची वेलबुट्टी. पिओनी, बांबू, पूल, छत्रीवाली माणसं, सगळं चिनीच राहिलं. पण घरात आल्यावर नक्षीचा दरबारी रुबाब उरला नाही. ठिपक्यांना नाव पडलं कांदा-पपेटा, पाखरांच्या जोडीला चकला-चकली, माणसांच्या देखाव्याला चिना-चिनी. मला गाऱ्यातली ही नावंच सर्वांत अस्सल पारशी वाटतात.

बारीक गाठींच्या टाक्याला खाखो म्हणतात. त्यानं कारागिरांचे डोळे जात म्हणून चीनमध्ये त्यावर बंदी आली, ही गोष्ट अजून सांगतात. पुरावा कुणी देत नाही. ज्यांना अख्खा गारा परवडत नसे, त्या नुसती कोर, म्हणजे भरलेली किनार, घेत. साडी विरली की कोर उसवून दुसरीवर लावायची. अशा कोरी गाठोड्यात बांधून चिनी फेरीवाले मुंबईत दारोदार फिरत.

पुढे सुरतेत आणि मुंबईत नकला होऊ लागल्या, मग यंत्र आलं. 1999 मध्ये सुरू झालेल्या पारझोर या संस्थेनं हाताचं काम पुन्हा शिकवायला घेतलं, पण बाजारात गारा म्हणून खपतो तो बहुतेक यंत्राचाच. ही तक्रार कँटनच्या कारागिरांकडे नेता येत नाही. फर्माईश तेव्हाही आपलीच होती.